पावतीनाना

वाशीत बदलून आलात, खोली बघितली, भाडं ठरलं, टेम्पोतनं कॉट आणि गॅसची टाकी उतरवून घेतली, की दिवस मावळायच्या आत एक गृहस्थ दारात येऊन उभे राहतात. पांढरा लेंगा, चौकडीचा शर्ट, खांद्याला कातडी पिशवी. स्वतःचं नाव सांगत नाहीत, तुमचं विचारत नाहीत. चपला काढता काढताच पहिला प्रश्न येतो, "पावती घेतली का?"

नव्या माणसाला वाटतं, नगरपंचायतीचा वसुलीवाला आला. तो खिशाला हात घालतो. मग शेजारचं कुणीतरी हळूच सांगतं, "ते आपले पावतीनाना हायत. च्या ठेवा. लवकर उठायचे न्हाईत."

ही वाशी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली. हे सांगावं लागतं, आणि सांगावं लागतं म्हणूनच नाना चिडतात. मागं एका घरमालकाच्या पोरानं मोबाइलवर वाशीतल्या खोल्यांचं भाडं शोधलं. आकडे आले ते ठाण्याच्या खाडीकाठच्या वाशीचे. पोरानं बापाला दाखवले. इतकी वर्षं आपण लुटले गेलो अशी बापाची खात्रीच पटली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र्याच्या दोन खोल्यांचं भाडं एकदम तिप्पट सांगितलं. भाडेकरू नानांकडं पळाला. नाना गेले, ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मालक, त्या वाशीला दर पाच मिनिटाला लोकल हाय. आपल्याकडं भूमची यष्टी बी टायमावर येत न्हाई. आधी रेल्वे आणा, मग भाडं वाढवा." मालकानं मोबाइल पोराच्या हातात परत दिला. दीडशे रुपयांवर मिटलं.

नाना एसटीतनं कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. ही एक गोष्ट कळली की बाकी माणूस आपोआप कळतो. उभं आयुष्य तिकीट फाडण्यात गेलेलं. ज्याच्या हातात कागद नाही तो माणूस गाडीत आहे की नाही हेच त्यांना ठरवता येत नाही. पैसे देऊन पावती न घेणारा भाडेकरू त्यांच्या हिशेबी विनातिकीट प्रवासी. "चेकिंग आलं की काय दाखवशील?" हे ते अजून विचारतात. बोलताना मुद्दा संपला की "डबल बेल" म्हणतात. रडगाणं गाणाऱ्याला "पुढं सरका" म्हणतात. पिशवीही तीच, नोकरीतली. फक्त तिकिटांच्या जागी आता पावतीपुस्तक, दोन कार्बन, भाडे नियंत्रण कायद्याचं पुठ्ठा निघालेलं पुस्तक आणि काड्यापेटीत ठेवलेली रेव्हेन्यू तिकिटं असतात. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागतं. वाशीत महिन्याला पाच हजारांच्या वर भाडं देणारे किती? पण पवनचक्कीच्या कंपन्यांची माणसं आली तशी ती काड्यापेटी रिकामी व्हायला लागली, आणि नानांच्या कपाळावरची आठी वाढली. ती माणसं मालक सांगेल ते भाडं देतात, कारण भरते कंपनी. मग शाळेतले गुरुजी, दवाखान्यातल्या सिस्टर, पतपेढीतला पोरगा यांनाही तोच भाव लागतो. "बस एकच, पण अर्ध्यांना तिकीट दुप्पट," असं नाना याचं वर्णन करतात.

पावतीचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. गावात मालक हा नुसता मालक नसतो. तो तुमच्या मावसभावाचा साडू असतो. त्याची बायको सणाला पुरणपोळी पाठवते, येळवस आली की तुम्हाला शेतात जेवायला नेते. अशा माणसापुढं दोन हजार रुपये ठेवून "जरा पावती द्या" म्हणायचं म्हणजे त्याच्या पोळीत खडा शोधण्यासारखं. मालक दुखावतो. "गुरुजी, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" म्हणतो. गुरुजी खजील होतात. इथं नाना मध्ये पडतात. "मालक, यष्टीत तिकीट मागितलं की कंडक्टरचा अपमान होतो का? उलट न मागणाऱ्याचा संशय येतो." मग ते कलम २६ काढतात: भाडं घेतलं की लेखी पावती द्यायची, न दिली तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड. बोट ओळीखाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मालक एवढंच म्हणतो, "तुमीच लिहा, मी सही करतो." नाना लिहितात. कार्बन उलटा लागला म्हणून पुन्हा लिहितात. एका पावतीला तीन कप चहा लागतो, आणि त्यात मालक-भाडेकरू दोघांचाही संसार बोलून होतो. माझा असा वहीम आहे की वाशीतले निम्मे तंटे पावतीनं मिटत नाहीत, त्या तीन कपांनी मिटतात. पण हे नानांना सांगायची सोय नाही. त्यांना कलम २६ चा अवमान वाटेल.

सगळा देश ३१ मार्चला हिशेब जुळवत बसलेला असतो, तेव्हा नाना कुंथलगिरीचे पेढे वाटत फिरतात. कारण २००० साली त्याच दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला. त्याच्या आधी एका राज्यात तीन कायदे होते. मुंबईकडं १९४७ चा, वऱ्हाड-नागपूरकडं मध्यप्रांताचा १९४६ चा, आणि आपल्याकडं हैदराबादचा १९५४ चा. "एकाच गाडीला तीन ड्रायव्हर!" म्हणतात. त्यातल्या हैदराबादच्या कायद्याबद्दल मात्र त्यांचा सूर हळवा होतो. निजामाच्या मुलखातनं आपण आलो, तरी बिऱ्हाडकरूला कायदा मिळाला, याचं त्यांना फार. त्यांच्या वडिलांना १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानं जमिनीचा तुकडा मिळाला होता. पुढं तो भावकीत गेला, त्याची वेगळी कहाणी. पण "कसंल त्याची जमीन, मग राहील त्याची खोली का न्हाई?" हा सवाल ते आजही पारावर टाकतात, आणि पारावरचे मालकलोक एकदम पावसापाण्याचं बोलायला लागतात.

भाडेकरूंचा कैवारी म्हटल्यावर तो मालकांचा वैरी असणार असं वाटेल. नाना तसे नाहीत, आणि इथंच भाडेकरूंची पंचाईत होते. एका शिलाईवाल्यानं सांगितलं, "नाना, माझ्या बापानं दिलं तेच भाडं मी देणार. एक रुपया वाढवायचा न्हाई." त्याला वाटलं नाना पाठ थोपटतील. नानांनी त्याला मुंबई सांगितली. तिथं १९४० च्या भाड्यावर घरं गोठून पडली. मालकाला चाळीची डागडुजी परवडेना, जिने पडायला आले, आणि शेवटी १९९७ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं की असं जुन्या भाड्याला मालकाला जखडून ठेवणं काही रास्त नाही. "वर्षाला चार टक्के वाढ घ्यायचा मालकाला हक्क हाय. कलम ११. मागं राहिलेली काढू का?" शिलाईवाला त्या दिवसापासून नाना दिसले की मशीनचा आवाज मोठा करतो.

नानांचं खरं दुखणं आहे ते अकरा महिने. वाशीत कुणालाही विचारा, अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही असंच सांगेल. पूर्वी शंभराच्या बाँडवर लिहायचे, आता तो पाचशेला झाला, पण समज तीच. आणि नाना कलम ५५ घेऊन गावभर सांगत सुटलेत की करार एका महिन्याचा असो की अकरा, लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड. आणखी गंमत म्हणजे, नोंदवलेला करार नसला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे ऐकून एक तलाठी खूश झाले. म्हणाले, "म्हणजे न लिहिलेलंच बरं की, नाना!"

नाना अर्धा मिनिट गप्प. कारण ते खरं आहे. लिव्ह अँड लायसनचा रीतसर कागद ज्यानं केला, त्याची मुदत संपली की कलम २४ खाली त्याला उठावं लागतं, नाही उठला तर दुप्पट पैसे. आणि ज्यानं काहीच न लिहिता वर्षानुवर्षं भाडं दिलं, पावत्या ठेवल्या, त्याला मात्र भाडं द्यायची तयारी आहे तोवर सहजासहजी काढता येत नाही. थकलं तरी आधी नोटीस, मग नव्वद दिवस. कागदावर जीव टाकणाऱ्या माणसाला कायद्यानंच असं सांगावं की अडाणी बिनकागदी माणूस जास्त भक्कम, यासारखा विनोद नाही. नानांनी त्यावरही तोड काढली. "करार नसला तरी चालंल. पावती पाहिजे. डबल बेल."

मागं एका गुरुजींच्या खोलीचा तंटा झाला. मालक म्हणाला, पोराचं लग्न करायचंय, खोली रिकामी करा. मालकाला स्वतःसाठी जागेची खरीखुरी गरज असली तर कलम १६ प्रमाणं ती मागता येते. नाना उलटतपासणीला गेले. नेहमीसारखे ओट्यावर.

"पोरगी ठरली का?"

"ठरायलीय."

"कुण्या गावची?"

मालक गप्प.

"मालक, पत्रिका न्हाई, सुपारी न्हाई, पोरगी न्हाई. मग गरज खरी कशी म्हणायची? येडेश्वरीची शप्पत घ्या."

आता येरमाळ्याच्या येडाईचं नाव निघाल्यावर कोण खोटं बोलणार? मालकाचे डोळेच भरून आले. "नाना, तीन साल झालं हिंडायलोय. पोराला आयटीआय हाय, सोयाबीनचा चार एकर तुकडा हाय. पोरीवाले म्हणत्यात नोकरी सांगा, पुण्याला फ्लॅट सांगा. खोली तरी वेगळी दाखवावी म्हणलं." नानांनी पुस्तक मिटलं. गुरुजींना वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी नाना सकाळच्या गाडीनं परंड्याकडं गेले. तिथं त्यांचा एक जुना ड्रायव्हर जोडीदार, त्याच्या भावाला दोन मुली. चार चकरा झाल्या. वैशाखात बार उडाला. तेरखेड्याचे फटाके असे वाजले की पारगावच्या हायवेला ऐकू गेले असतील. नाना पहिल्या पंगतीला. दुसऱ्या दिवशी तेच नाना गुरुजींच्या दारात. "गुरुजी, आता गरज खरी झाली."

"अहो, गरज तुम्हीच तयार केलीत की!"

"केली. पण खरी हाय. आता बघायचं जास्त हाल कुणाचे, तुमचे का त्यांचे. पोटकलम दोन. तुमच्यासाठी मी मागच्या गल्लीत जागा बघून ठेवलीय, म्हंजे तुमचे हाल काय व्हायचे न्हाईत." गुरुजी आजही हे सांगताना हसावं की चिडावं या पेचात असतात. नव्या खोलीत संडास घरातच आहे, हेही ते सांगतात, पण शेवटी आणि नाइलाजानं.

पाण्याचीही एक कथा आहे. उन्हाळ्यात एका सिस्टरची तक्रार आली की मालकानं मोटर बंद करून नळ तोडला. कलम २९! पाणी, वीज, संडास यांतलं काहीही मालकानं विनाकारण तोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. नाना तक्रार लिहूनच गेले. मालक अंगणात दोन घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेला. बोअरच आटलेला होता. नानांनी तक्रारीचा कागद तसाच ठेवला, वरचं नाव खोडलं, मालकाच्या जागी नगरपंचायत घातली आणि मालकाला म्हणाले, "आता तुमी बी भाडेकरूच. हितं सही करा." मालक आणि सिस्टर दोघांच्या सह्यांचा तो अर्ज नानांनी स्वतः नेऊन दिला, आणि अर्थातच त्याची पोच घेतली.

नगरपंचायतीवर नानांचा जुना राग आहे. गाळेवाल्यांचं भाडं वाढलं तेव्हा ते तावातावानं त्यांच्या बाजूनं उतरले, आणि मग कलम ३ वाचलं. सरकारच्या आणि स्थानिक संस्थेच्या जागांना हा कायदा लागूच नाही. "म्हंजे कंडक्टर सगळ्यांची तिकिटं बघणार, अन् साहेब फुकट!" त्या आठवड्यात त्यांनी कुणालाच पावती विचारली नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एका गोष्टीवर मात्र नानांना कुणी छेडू नये. कोर्टात नव्यानं लागलेल्या एका तरण्या वकिलानं एकदा चहाच्या टपरीवर विचारलं, "नाना, कायद्याला परिशिष्ट आहे. त्यात नावं आहेत त्याच भागांना कायदा लागू. कलम दोन. तुम्ही परिशिष्ट बघितलंत ना?" नानांनी बशीतला चहा संपवला. तोंड पुसलं. म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी राहता ती खोली भाड्याची का स्वतःची?" भाड्याची होती. "पावती घेतली का?" नव्हती घेतली. पुढचा अर्धा तास वकीलसाहेबच आरोपी होते. परिशिष्टाचा विषय पुन्हा निघाला नाही. नानांच्या पुस्तकाची शेवटची पानं पुठ्ठ्याबरोबरच गेलेली आहेत, एवढं मी पाहिलंय.

एवढ्या लोकांची बिऱ्हाडं सांभाळणाऱ्या नानांचं स्वतःचं घर नाही. नानी हे दर दसऱ्याला काढतात. "जगाच्या खोल्या राखल्या. आपली कवा बांधायची?" नानांचं उत्तर ठरलेलं: "मालक झालो तर कुणाकडून बोलू?" नानी यावर काही बोलत नाहीत, भांडी जरा जोरात घासतात. दोघं कितीतरी वर्षं अक्कांच्या वाड्यात पुढच्या सोप्याला राहतात. अक्का ऐंशीच्या पलीकडं, पोरगा पुण्याला. अक्कांनी आयुष्यात भाडं वाढवून मागितलेलं नाही. नानाच वाढवतात. "मागितलं न्हाई म्हणून हक्क जात न्हाई, अक्का." पंधराशेचे चार टक्क्यांनी पंधराशे साठ झाले तोवर ठीक होतं. त्याच्या पुढच्या साली १६२२ रुपये ४० पैसे झाले आणि घोळ सुरू झाला. पन्नास पैशांच्या खालची नाणी सरकारनं २०११ सालीच मोडीत काढलेली. चाळीस पैसे द्यायचे कसे? अक्का म्हणाल्या, "राहू द्या." नाना म्हणाले, "राहू कसं द्यायचं, थकबाकी दिसती." शेवटी असं ठरलं की दर महिन्याला चाळीस पैसे बाकी लिहायची आणि पाच महिन्यांनी एकदा दोन रुपये द्यायचे. त्या दोन रुपयांची वेगळी पावती. अक्का अंगठ्याला शाई लावून घेतात, कारण सही करताना हात थरथरतो.

गेल्या वर्षी पुण्याहून पोराचा फोन आला. पवनचक्कीवाले चौपट भाडं द्यायला तयार आहेत, नानांना काढ. अक्का दोन दिवस विचारात. कायद्याचं विचारायचं तर गावात माणूस एकच. त्या लुगड्याचा पदर सावरत सोप्यात आल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुमाला काढायचं झालं तर कसं काढावं लागतंय?"

नानी चुलीपाशीच थबकल्या. नानांना मात्र इतका चांगला प्रश्न कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवी उघडली. "अक्का, आधी नोटीस. तोंडी चालत न्हाई. कारण काय लिहायचं? पोराला खोली पाहिजे म्हणाल तर तो पुण्याला, टिकायचं न्हाई. भाडं थकलंय म्हणाल तर पावत्या हायत. जास्त भाडं मिळतंय हे कारणच होत न्हाई." विचार केला. "असं करू. मी तुमच्या लेखी परवानगीबिगर स्वयंपाकाचा ओटा बांधलाय. कायमचं बांधकाम. हे घाला." आणि नानांनी अक्कांच्या वतीनं नानांना घर खाली करायची नोटीस लिहिली. सुवाच्य अक्षरात, कलमासकट, नव्याण्णव टक्के निर्दोष. स्वतःच पोच दिली. मग कार्बन बदलून उत्तर लिहायला घेतलं: उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा हे कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार कायमचं बांधकाम ठरत नाही, सबब नोटीस गैरलागू. उत्तर अक्कांना वाचून दाखवलं. अक्का लक्ष देऊन ऐकत होत्या. दोन्ही कागद त्यांनी घडी करून देव्हाऱ्यामागच्या डब्यात ठेवले, चाळीस पैशांच्या वहीजवळ.

आठ दिवसांनी पोराचा पुन्हा फोन. अक्का मोबाइल कानापासून लांब धरून ओरडल्या, "व्हय, दिली की नोटीस! नानानंच लिहून दिलीय. लई चांगली लिहिलीय. त्याला उत्तर बी आलंय. आता ह्या महिन्यात दोन रुपये यायचे हायत, ते आल्यावर बघू."